पत्र्याचे जोडकाम : वाकडेपणा कसा टाळावा?

भिवंडी-कल्याण मार्गावरील कोनसारख्या गावांच्या परिसरात गोदामांची दारे, फाटके व पत्र्याची कपाटे यांचे जोडकाम नित्याचेच आहे. परंतु शाळेचे नवे कपाट किंवा ग्रामपंचायतीचे फाटक ताब्यात घेताना पत्रा लाटेसारखा उठलेला दिसतो, दार चौकटीत बसत नाही. दोष बहुधा पत्र्याचा नसून जोडणीच्या पद्धतीचा असतो.

पोलाद तापले की प्रसरण पावते. एक मीटर लांबीची पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापविल्यास सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. जोडापाशी तर पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळते. भोवतालचा थंड पत्रा त्यास पसरू देत नाही. तो भाग तेथेच दबतो आणि निवताना आखडतो. ही ओढ पातळ पत्र्यास पेलत नाही.

यावर उपाय साधे आहेत. पत्रे प्रथम घट्ट आवळावेत. मग आधी मध्यभागी, नंतर टोकांना आणि शेवटी मधल्या जागी टाके द्यावेत. जोड सलग न ओढता लहान तुकड्यांनी, जागा बदलत घ्यावा व प्रत्येक तुकडा निवू द्यावा. मागे तांब्याची जाड पट्टी धरल्यास ती उष्णता शोषून घेते. जेथे पाणी अडवावयाचे नाही, तेथे अखंड जोडाचा आग्रह नसावा.

देयक मंजूर करण्यापूर्वी सदस्यांनी पत्र्यावर सरळपट्टी ठेवून पाहावी व चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. गावाचा पैसा वाचविण्याची ही सोपी कसोटी आहे.