दानाबरोबर सहभागही हवा

सन २०२१ मध्ये आपल्याकडे ईदुल फित्र १४ मे रोजी साजरी झाली आणि अवघ्या दोन दिवसांनी ‘तौक्ते’ चक्रीवादळाने मालवण किनारपट्टीला झोडपले. छपरे उडाली, माड उन्मळले, गावे अंधारात बुडाली. रमजानची जकात आणि फित्रा तेव्हा नुकतेच वाटून झाले होते. प्रत्येकाने आपापले दिलेले दान अल्लाहपाशी मोलाचेच आहे. परंतु अशा दिवशी गरज भासते ती सर्वांनी मिळून उभारलेल्या निधीची आणि संघटित हातांची.

मग बैतुलमाल किंवा सेवासंस्था यांपासून लोक दूर का राहतात? ‘लोक कंजूष झाले’ हे उत्तर सोपे असले, तरी न्याय्य नाही. जो एकट्याने मुक्तहस्ते देतो, तो कंजूष कसा?

पहिले कारण हिशेबाचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जकात गोळा करून परतलेल्या इब्नुल लुतबिय्या यांचा हिशेब घेतला. त्यातील काही वस्तू आपल्याला भेट मिळाल्याचे त्यांनी सांगताच, घरी बसून राहिले असते तर ती भेट आली असती काय, असे प्रेषितांनी मिंबरवरून विचारले. म्हणून हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे आणि तो मांडणे हा अपमान नव्हे.

दुसरे कारण लहान दानाच्या उपेक्षेचे. तबूकच्या तयारीसाठी हजरत अबू अकील (रजि.) यांनी अर्धा साअ खजूर आणला, तेव्हा दांभिकांनी त्यांची खिल्ली उडवली. अशा चेष्टेचा कुरआनने कठोर निषेध केला आहे (सूरह तौबा : ७९). आपल्या सभांत मात्र मोठ्या देणगीदारांचीच नावे पुकारली जातात.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. आपण लोकांकडे पैसा मागतो, काम व सल्ला मागत नाही. हिजरी सन ५ मध्ये खंदक खोदताना स्वतः प्रेषितांनी माती वाहिली. आपल्या किनाऱ्यावरची रापण पाहा. दोर ओढायला अनेक हात लागतात आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो, म्हणून कोणी परका राहत नाही.

तेव्हा दर महिन्याचा जमाखर्च मशिदीच्या फलकावर लावा. वायरमन, शिंपी, विद्यार्थी, गृहिणी यांना त्यांच्या हातचे काम सोपवा आणि निर्णयातही सामील करून घ्या. वाचकहो, आपणही केवळ पावती घेऊन परतू नका. दोराला हात लावा. अल्लाह आपणा सर्वांना सत्कार्यात परस्परांचे साहाय्यक बनवो. आमीन.