वातावरणाचा जमाखर्च

फाल्गुनांत पळस निष्पर्ण होतो आणि मृगाच्या पावसानंतर गोदाकांठ पुन्हां हिरवा होतो, हें गंगाखेडच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. पानांच्या या येण्याजाण्याबरोबर हवेंतील एका वायूचें प्रमाणहि बदलत असतें. त्याचा हिशेब आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. जुन्या पुस्तकांत या वायूस कर्बद्विप्राणिद म्हणत; हल्ली कार्बन डायऑक्साइड म्हणतात. हिरवें पान सूर्यप्रकाशांत हा वायु घेऊन त्यापासून अन्न व काष्ठ निर्माण करतें. वनस्पतींच्या श्वसनानें व पालापाचोळा कुजल्यानें तो परत हवेंत जातो.

पृथ्वीवरील बहुतेक जमीन उत्तर गोलार्धांत आहे. रशिया, कॅनडा इत्यादि देशांतील अफाट अरण्यें आपल्या अल्प उन्हाळ्यांत हा वायु झपाट्यानें शोषून घेतात व हिवाळ्यांत परत सोडतात. चार्ल्स कीलिंग यांनीं १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी आरंभिली, तेव्हां हा क्रम स्पष्ट झाला. तेथें मे महिन्यांत प्रमाण सर्वांत अधिक व सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत कमी असतें. दर दहा लक्ष भागांत सुमारें सहा भागांचा फरक पडतो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर तो याच्या दुपटीहून अधिक असतो. आपल्याकडेहि गोव्यांतील केप रामा येथें १९९३ पासून कांहीं वर्षें हवेचे नमुने घेतले गेले. पावसाळ्यांत तेथें समुद्रावरील वारा येतो व हिवाळ्यांत जमिनीवरील. म्हणून दोहोंतील भेद समजतो.

आतां कोणी म्हणेल कीं, उन्हाळ्यांत घेतलें व हिवाळ्यांत दिलें, म्हणजे हिशेब जुळला. पण तो जुळत नाहीं. मौना लोआ येथें वार्षिक सरासरी १९५९ सालीं दर दहा लक्ष भागांत सुमारें ३१६ होती. २०२४ सालीं ती सुमारें ४२५ झाली. कोळसा व खनिज तेल जाळून आणि जंगलें तोडून मनुष्य जो वायु हवेंत सोडतो, त्याचा जवळजवळ निम्मा भाग वनें व समुद्र घेतात. उरलेला हवेंतच सांचतो.

ही सांचणी दरवर्षीं सारखी नसते. १९९१ सालीं फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाल्यानंतर वाढ कांहीं काळ मंदावली. उलट, २०१५-१६ सालीं प्रशांत महासागराचें पाणी तापून एल निनो प्रबळ झाला, तेव्हां उष्ण कटिबंधांतील अरण्यें अवर्षणानें व वणव्यांनीं पीडलीं आणि वाढ फार झाली. त्याच सुमारास मराठवाड्यांतहि दुष्काळ पडला व एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अरण्य आपला भार वाहतें. पण ज्या प्रकारच्या वर्षीं शेतकऱ्याचें पीक बुडतें, त्याच प्रकारच्या वर्षीं अरण्याचेंहि बळ घटतें. झाड लावणाऱ्या मुलामुलींचें आम्ही मनापासून कौतुक करतों. परंतु दिवा, इंधन व वाहन यांचा खर्च जपून करण्याची संवय घरोघरीं लागली नाहीं, तर सारा बोजा एकट्या झाडावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं.