यंत्राचे वाचन आणि प्रक्रियकाची निवड

वाचन म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावयास नको. हस्तलिखितात 'ख' आहे की 'रव', 'घ' आहे की 'ध', हे ठरविताना तो शब्दाचा, ओळीचा आणि लेखनिकाच्या वळणाचा आधार घेतो. कॅमेऱ्यातून आलेली प्रतिमा जागच्या जागी वाचणाऱ्या छोट्या यंत्रांपुढेही हाच प्रश्न असतो. मात्र तो सोडविण्यासाठी किती आधार घेता येईल, हे यंत्रात कोणता प्रक्रियक, म्हणजे व्यवहारातला प्रोसेसर, बसविला आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते. ही निवड कशी होते आणि भाषाभ्यासकाचा तिच्याशी संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. चौकातील वाचक

बंगळूर शहरात डिसेंबर २०२२ मध्ये ५० चौकांत वाहनांचे क्रमांक वाचणारी कॅमेरा-यंत्रणा सुरू झाली. इंदिरानगरातील शंभर फुटी रस्ता व सी. एम. एच. रस्ता यांच्या चौकात असे एक यंत्र आहे, अशी केवळ विवेचनापुरती कल्पना करू. १९२० गुणिले १०८० आकाराच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ३० चित्रे घेतली, तर बिंदूंची संख्या ६ कोटी २२ लाखांवर जाते आणि प्रत्येक चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्यात ३३ सेंटिमीटर पुढे सरकते. चित्र दूरच्या संगणकाकडे पाठवून उत्तर येण्यास २०० मिलिसेकंद लागले, तर ते २ मीटर पुढे गेलेले असेल. स्वतः ब्रेक लावणाऱ्या वाहनाला हा विलंब परवडणार नाही. दंडाच्या नोंदीला तो चालेल. पण शेकडो कॅमेऱ्यांची चित्रे अखंड पाठवीत राहणे खर्चाचे असते. म्हणून वाचन शक्यतो कॅमेऱ्यापाशीच व्हावे, असा आग्रह असतो.

२. निवडीचे निकष

सामान्य प्रक्रियक सर्व प्रकारची कामे करतो, पण एकाच प्रकारचा गुणाकार कोट्यवधी वेळा करण्यात त्याची शक्ती वाया जाते. संकेत-प्रक्रियक गुणाकार व बेरीज एका दमात करतो. १९८५ मध्ये बंगळुरात केंद्र उघडणारी आणि आज इंदिरानगराजवळच्या सी. व्ही. रामन नगरात असलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी याच प्रकारासाठी ख्यातनाम झाली. चित्र-प्रक्रियकात अनेक लहान गणनयंत्रे एकाच वेळी राबतात. काही प्रक्रियकांची अंतर्गत जोडणी कारखान्यातून बाहेर पडल्यावरही बदलता येते. काही केवळ कृत्रिम मज्जाजालाच्या गणितासाठीच घडविलेले असतात.

निवडीपूर्वी काम मोजावे लागते. तीन गुणिले तीन बिंदूंची ६४ गाळण्या असलेली एक पायरी घेतली, तर प्रत्येक बिंदूमागे ५७६ गुणाकार होतात. म्हणजे एका चित्रास सुमारे ११९ कोटी. परंतु आधी क्रमांकाची पाटी शोधून तेवढाच १०,००० बिंदूंचा तुकडा या पायरीतून नेला, तर ५७ लाख ६० हजार गुणाकार पुरतात. पाटी शोधण्याचा खर्च त्यात मिळवावा लागतो, तरी बचत मोठी राहते. रीत सुधारली की लहान प्रक्रियकही पुरतो, तो असा.

शिवाय गुणाकारांची संख्या हा एकमेव निकष नव्हे. बाहेरच्या स्मृतीतून आकडा आणण्यास तो गुणण्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा लागते. धुळीमुळे पेटी बंद ठेवावी लागते, पंखा लावता येत नाही आणि वर ऊन असते. अशा ठिकाणी वेगापेक्षा उष्णताच मर्यादा घालते.

३. लिपी आणि गणित

नियमाप्रमाणे वाहनाची पाटी रोमन अक्षरांत व तथाकथित अरबी अंकांत असावी लागते. म्हणजे फार तर ३६ चिन्हे. श्रेणीच्या अक्षरांत 'आय' व 'ओ' देत नाहीत, कारण ती एक व शून्य यांच्याशी मिसळतात. येथे लिपिकारप्रमादाची शक्यता नियमानेच कमी केली आहे. महाराष्ट्रात मात्र रोमन वळणाचे चार-एक-चार-एक असे अंक 'दादा' दिसतील अशा रीतीने रंगविण्याची हौस परिचित आहे. माणूस एकाच वेळी अंकही वाचतो आणि शब्दही. ३६ चिन्हांवर बेतलेले यंत्र तेथे अडखळते.

देवनागरीच्या यांत्रिक वाचनावर सिन्हा व महाबला यांचा निबंध १९७९ मध्ये, आणि बांगला व देवनागरी या दोन्ही लिपींवर चौधुरी व पाल यांचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. छापील देवनागरीत प्रत्येक आडव्या रांगेतील काळे बिंदू मोजले की शिरोरेषा सापडते; ती वगळली की बहुतेक अक्षरे सुटी होतात. हे काम बेरजेचे आहे, त्याला साधा प्रक्रियक पुरतो. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळालेल्या मोडीचे तसे नाही. तीत शिरोरेषा ओळभर आधीच आखलेली असते, शब्द सलग येतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. तेथे संपूर्ण ओळ संदर्भासह वाचावी लागते, आणि त्यासाठी स्मृती व गणनशक्ती दोन्ही अधिक हवीत.

४. संशयाला जागा

ऊर्जा वाचविण्यासाठी ३२ अंशी संख्यांऐवजी ८ अंशी संख्या वापरतात. बहुधा फरक पडत नाही. पण जवळजवळ समान गुण मिळालेल्या दोन अक्षरांचा क्रम त्यामुळे उलटू शकतो. चौकात याचा अर्थ भलत्याच नागरिकाला दंडाची सूचना, आणि दफ्तरात भलताच पाठ. म्हणून यंत्राने निकालासोबत मूळ प्रतिमा, दुसरा संभाव्य पाठ आणि त्यांच्या गुणांतील अंतर जपून ठेवले पाहिजे. प्रक्रियक व स्मृती निवडताना एवढ्यासाठी जागा राखणे आवश्यक आहे. पुढे कोणी हस्तलिखिते वाचणारे यंत्र मागवील, तेव्हा वेग व किंमत यांच्या जोडीला पाठभेद राखण्याची अट मागणीपत्रात घातली गेली पाहिजे. आणि ती अट नेमक्या शब्दांत लिहिणे हे पाठचिकित्सा जाणणाऱ्या अभ्यासकाचे काम आहे.