दुष्फेन पाणी आणि विजेचे वेटोळे

पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरट, खरखरीत पुटे चढतात, हा अनुभव भारतीय घरांना नवा नाही. तांब्याचा बंब वापरात होता तेव्हा तो वरचेवर आतून खरवडून घ्यावा लागे. विजेच्या गीझरमध्ये तेच पुट दृष्टिआड साचत राहते आणि एके दिवशी एलिमेंट जळाल्यावरच त्याची आठवण होते. बंगळूरुच्या बाहेरच्या वस्त्या, गुरुग्राम, राजस्थान व गुजरातचा मोठा भाग, दख्खनच्या पठारावरील असंख्य गावे, जेथे जेथे पाणी विंधन-विहिरीतून येते तेथे हा प्रश्न कमीअधिक प्रमाणात आहेच. अशा घरांना आता एक उपाय सुचवला जातो: नळाभोवती तारेचे वेटोळे गुंडाळावे, त्याला एक लहानशी विद्युत-पेटी जोडावी, आणि क्षारांची चिंता सोडावी. मीठ नको, रसायन नको, नळ कापणेही नको. हा उपाय कितपत खरा, हे पाहण्यासाठी आधी पुट कसे तयार होते ते समजून घेतले पाहिजे.

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेल्या खडकांतून झिरपताना त्यांचे बायकार्बोनेट विरघळवून बरोबर आणते. साबणाला फेस येऊ न देणारे हे पाणी म्हणजेच दुष्फेन पाणी. ते तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच सोयरा, घनरूपात बाहेर पडतो. साखर किंवा मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटाचे उलटे आहे. त्यामुळे पाणी जेथे सर्वाधिक तापते तेथेच, म्हणजे एलिमेंटच्या पृष्ठभागावर, त्याचे स्फटिक बसतात.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब पुरेसा आहे. पाण्याचे अस्थायी दुष्फेनत्व लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज १०० लिटर पाणी तापवले जाते, असे धरू. रोज ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ ११ किलो कॅल्शियम कार्बोनेट त्या गीझरमधून जाते. त्याचा दहावा हिस्सा जरी आत बसला तरी किलोभर दगड जमला. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल-मानकात एकूण दुष्फेनत्वाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. तेव्हा ३०० हा आकडा काही अतिशयोक्तीचा नव्हे.

वेटोळ्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. बाष्पकातील पुट विजेने रोखण्याच्या युक्तीचे एक अमेरिकी पेटंट १८९० सालचे आहे. १९४५ मध्ये बेल्जियमच्या तेओ व्हरमायरेन यांनी चुंबकीय साधनाचे पेटंट घेतले, आणि पुढे सोव्हिएत संघात अशी साधने कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. इलेक्ट्रॉनिक वेटोळे हे त्याच कुळातले. त्यातून बदलत्या कंप्रतेचा क्षीण विद्युतप्रवाह सोडला जातो आणि नळातील पाणी त्याच्या क्षेत्रातून जाते. या साधनाने पाण्यातील एकही कॅल्शियम आयन कमी होत नाही. निर्मातेही सहसा तसा दावा करीत नाहीत. साबणाचा फेस वाढत नाही, विरघळलेल्या क्षारांचे मोजमापही बदलत नाही. दावा एवढाच असतो की स्फटिक भांड्याला घट्ट न चिकटता पाण्यातच सुटे तयार होतात आणि वाहून जातात.

हा दावा मुळातच अशक्य आहे असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही. २००० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील कोई व कॅस यांनी ३२ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थिर चुंबकीय क्षेत्रातून नेलेल्या पाण्याच्या साक्यात कॅल्साइटच्या तुलनेत अॅरॅगोनाइट या स्फटिकप्रकाराचे प्रमाण वाढलेले त्यांना आढळले, आणि हा परिणाम २०० तासांहून अधिक टिकला. असे का व्हावे याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. शिवाय प्रयोगशाळेतील स्फटिकाचे रूप बदलणे आणि गीझरमधील पुट कमी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. नेमकी ही उडी जाहिरातींतून फार सहज मारली जाते.

प्रत्यक्ष पुटाच्या चाचण्यांचे निकाल परस्परविरोधी आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९९८ च्या एका पत्रकात अशा साधनांची भलावण केली होती. तीनच वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच देशाच्या सेनेच्या अभियंता दलाने इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड शस्त्रागारात दोन चुंबकीय व एक इलेक्ट्रॉनिक साधन तपासले. शेजारी कोणतेही साधन न बसवलेली जोडणी तुलनेसाठी ठेवली होती. तिन्हींपैकी एकाचाही स्पष्ट फायदा दिसला नाही. उलट, अॅरिझोना राज्य विद्यापीठातील २०११ च्या अभ्यासात विद्युतचुंबकीय साधनाने पुट सुमारे निम्म्याने घटले. मात्र त्याच अभ्यासात, पाण्यात स्फटिकबीजे तयार करणाऱ्या विशिष्ट दाण्यांच्या साधनाने ते ९० टक्क्यांहून अधिक घटले. जर्मनीत अशा साधनांना प्रमाणपत्र देताना किमान ८० टक्के घट मागितली जाते. त्या कसोटीला निम्मी घट अपुरीच ठरते.

या विसंगतीचा एक उलगडा बेकर व जड यांच्या १९९६ च्या समीक्षेत मिळतो. यश प्रामुख्याने तेथे आढळते जेथे तेच पाणी साधनातून पुन्हा पुन्हा फिरते, उदाहरणार्थ कारखान्यातील शीतन-यंत्रणेत. घरातले पाणी मात्र एकदाच जाते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी दहा सेंटिमीटरच्या वेटोळ्यातून सेकंदाच्या दहाव्या भागात निसटते. भारतीय घरांत त्यानंतर ते गच्चीवरील टाकीत तासन् तास पडून राहते आणि मग कुठे गीझरपर्यंत पोचते.

तरीही, बसवल्यापासून फरक पडला, असे सांगणारी माणसे भेटतातच, आणि ती खोटे बोलतात असे नव्हे. साधन बहुधा उन्हाळ्यात घेतले जाते, जेव्हा विहिरी आटलेल्या असतात आणि टँकरचे पाणी अधिकच जड असते. दोन महिन्यांनी पाऊस येतो, भूजलात नवे पाणी मिसळते, नगरपालिकेचा पुरवठाही सुधारतो, आणि पुट कमी होते. श्रेय वेटोळ्याला मिळते.

विजेच्या बचतीचा दावा तर अधिकच तपासून घेतला पाहिजे. बाहेरून जाळ लावलेल्या बाष्पकात पुटामुळे उष्णता धुरांड्यातून वाया जाते, हे खरे. पण गीझरचे एलिमेंट पाण्यातच बुडालेले असते. त्यात निर्माण झालेली जवळजवळ सगळी उष्णता उशिरा का होईना पाण्यालाच मिळते. नुकसान होते ते निराळे: पुटाखाली धातू प्रमाणाबाहेर तापतो आणि एलिमेंट लवकर जळते.

दुष्फेनत्व खरोखर काढून टाकणारी पद्धत आयन-विनिमयाची आहे. तिच्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम दुष्फेनत्व काढले तर सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात उतरते. म्हणून पिण्याचा व स्वयंपाकाचा नळ त्यातून वगळणे इष्ट, विशेषतः रक्तदाबाचा विकार असलेल्यांच्या घरी. मिठाचा नित्य खर्चही असतोच. तो नको असेल तर गीझरचे तापमान ६० अंशांवर ठेवणे आणि वर्षातून एकदा एलिमेंट काढून लिंबाच्या सत्त्वाच्या द्रावणात बुडवून ठेवणे, हा स्वस्त उपाय आहे.

आणि ज्याला वेटोळेच घ्यायचे आहे त्याने निदान तुलना करून घ्यावी. एकाच टाकीतून पाणी येणारे, सारख्याच क्षमतेचे व सारख्याच तापमानावर ठेवलेले दोन गीझर निवडावेत. सदनिकांच्या इमारतीत हे अवघड नाही. दोहोंची नवी एलिमेंटे वजन करून बसवावीत, एकाच्याच नळावर वेटोळे लावावे, आणि दोन्हीकडे पाण्याचा वापर शक्य तितका सारखा राहील असे पाहावे. सहा महिन्यांनी दोन्ही एलिमेंटे काढून, कोरडी करून, पुन्हा तोलावीत. तळाशी साचलेला गाळही दोन निरनिराळ्या भांड्यांत वाळवून तोलावा, कारण पुट सुटे झाल्याचा दावा खरा असेल तर त्याचा पुरावा त्या गाळातच असणार.