उभी शेती : पैसे गुंतवण्याआधी विजेचा हिशेब

भिंतीला कप्प्यांचा रॅक लावायचा, वर एलईडीच्या नळ्या, खाली पाण्याची टाकी आणि बारा महिने घरची लेट्यूस, पालक, बेसिल खायची. उभ्या शेतीची जाहिरात साधारण अशी असते. कोणी काही हजारांचा घरगुती संच विकतं, कोणी गावाकडच्या जमिनीवर लाखांचा प्रकल्प उभारून देतो म्हणतं. नव्वद टक्के पाणी वाचतं, हे वाक्य दोन्हीकडे ठळक छापलेलं असतं. ते बरंचसं खरं आहे, कारण तेच पाणी मुळांपाशी पुन्हापुन्हा फिरवलं जातं. पण पाण्याचा खर्च मुळात फारसा नसतोच. खरा खर्च उजेडाचा आहे, आणि नेमका तोच माहितीपत्रकात सापडत नाही.

हिशेब स्वतः मांडून पाहा. चार फूट लांब, दोन फूट रुंद अशा तीन कप्प्यांचा रॅक धरू. लेट्यूसचा गड्डा नीट भरायचा तर प्रत्येक कप्प्यावर वीस वॅटच्या चार नळ्या हव्यात. दोनच लावल्या तर रोपं उजेडासाठी लांबत जातात, देठ लुळे पडतात आणि पानं कागदासारखी पातळ राहतात. म्हणजे एकूण २४० वॅट. रोज चौदा तास दिवे चालले की महिन्याला शंभर युनिटं होतात. युनिटला दहा रुपये धरले तर हजार रुपये. वर महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं महाग होत जातं, त्यामुळे ज्यांचं बिल एरवी खालच्या टप्प्यात बसतं, त्यांना ही शंभर युनिटं जास्तच झोंबतात. या रॅकवर पन्नासेक रोपं मावतात आणि सगळं सुरळीत चाललं तर चाळीस दिवसांनी प्रत्येकी शंभर ग्रॅमपर्यंत भरतात. महिन्याला पावणेचार किलो. किलोमागे अडीचशे रुपयांच्या वर नुसती वीजच गेली. बी, खत, कोकोपीट आणि रॅकची किंमत यात धरलेलीच नाही.

मोठ्या बंदिस्त प्रकल्पांत दिवे अधिक चांगले असतात. पण तिथे एसी, हवेतली आर्द्रता काढणारी यंत्रं आणि पंप हेही चालवावे लागतात. हे सगळं धरून किलोभर पालेभाजीला दहा युनिटांच्या खाली येणं अवघड जातं. हॉटेलांना लागणाऱ्या महागड्या पानांना हा खर्च कदाचित पेलेल. आपल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुडीला तो पेलणारा नाही.

मग धान्याचं काय? गव्हाच्या रोपाला एक किलो दाणे भरायला जेवढा उजेड लागतो, तो चांगल्या एलईडीतून द्यायचा तर ढोबळ हिशेबानं दोनशेच्या आसपास युनिटं लागतील. म्हणजे दोन हजार रुपयांची वीज. २०२५-२६च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २,४२५ रुपये होती, किलोला सव्वाचोवीस. उभ्या शेतीनं देशाची भूक भागेल असं कोणी सांगू लागलं तर हे दोन आकडे समोर ठेवावेत.

कोलंबिया विद्यापीठात डिक्सन डेस्पोमिये यांनी १९९९च्या सुमारास विद्यार्थ्यांबरोबर ही कल्पना मांडली तेव्हा शेतीखालची जमीन पुन्हा जंगलाला देता येईल, अशी त्यांना आशा होती. ती आशा मला आजही मोलाची वाटते. पण तिच्यावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांचे हाल झाले. अमेरिकेतली एअरोफार्म्स जून २०२३मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, बाउरी नोव्हेंबर २०२४मध्ये बंद पडली आणि मार्च २०२५मध्ये प्लेंटीवरही दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. यांच्याकडे भांडवल होतं, तंत्रज्ञान होतं. दुबईत मात्र २०२२मध्ये बुस्टानिका हा वर्षाला दहा लाख किलो पालेभाजीच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. वाळवंटात पानं विमानानं आणावी लागतात, म्हणून तिथे हे गणित वेगळं ठरतं. नाशिकची कोथिंबीर रात्रीतून मुंबईला पोहोचते.

आपल्याकडे आणखी एक प्रकार विकला जातो: शेडनेटखाली मातीचे थर एकावर एक रचून हळद लावायची आणि एका एकरात अनेक एकरांचं पीक काढायचं. इथे दिवे नसतात, म्हणून विजेचा प्रश्न येत नाही. पण एकरावर पडणारं ऊन एकराचंच असतं. वरच्या थरानं जे घेतलं ते खालच्याला मिळत नाही. थर दहा केले म्हणून हळद दहापट होत नाही, खर्च मात्र होतो. त्यातून विकणाराच माल परत घेण्याची आणि ठरावीक परताव्याची हमी देत असेल तर एक रुपयाही देऊ नका. शेतीत परताव्याची हमी कोणालाच देता येत नाही.

एवढं वाचूनही हौस असेल तर ती जरूर करा, फक्त ऊन फुकट मिळेल तिथे करा. गच्चीवर किंवा पाच-सहा तास ऊन येणाऱ्या बाल्कनीत पाइपांचा छत्तीस भोकांचा स्टँड साधारण सहा ते बारा हजारांत उभा राहतो. दिवे लागत नाहीत, छोटा पंप महिन्याला दहा-पंधरा युनिटं खातो. पीएच आणि टीडीएस मीटर मिळून हजार-दीड हजार धरा. ते टाळून चालत नाही, कारण पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या बाहेर गेला की खत टाकीत असूनही रोपाला लागू पडत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर पंचाईत होते. गच्चीवर टाकी ठेवताना सोसायटीची परवानगी आणि वजन दोन्ही बघा: दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो.

उन्हाळ्यात खरी परीक्षा असते. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो, पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि उग्र वास येतो. पाइपांच्या पद्धतीत दुपारी वीज गेली की तासा-दोन तासांत रोपं माना टाकतात. त्यामुळे एक तर इन्व्हर्टर ठेवा, नाही तर मुळं पाण्यात बुडालेली राहतात अशी डब्याची पद्धत घ्या. उन्हाळाभर लेट्यूस बंद ठेवली तरी बिघडत नाही.

थोड्या पैशांत काही विकायचं असेल तर मायक्रोग्रीन्स. मोहरी, मुळा, मेथी आठ-पंधरा दिवसांत कापणीला येतात, खिडकीचा उजेड पुरतो, ट्रे आणि कोकोपीट दोन-तीन हजारांत होतं. बियाणं मात्र कृषी सेवा केंद्रातलं गुलाबी-निळ्या रंगाचं घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि इथे आपण ते कोवळं रोप आठवड्या-दोन आठवड्यांतच खाणार असतो. बीजप्रक्रिया न केलेलं मागून घ्या. आधी दोन-तीन हॉटेलांशी बोला, मग ट्रे वाढवा.

मोठा प्रकल्प घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: त्याच्या चालू ग्राहकाचं सलग बारा महिन्यांचं वीजबिल, त्याच महिन्यांचं किलोतलं उत्पादन आणि माल कोणी, कोणत्या भावानं घेतला त्याच्या पावत्या. बिलातली युनिटं किलोंनी भागा. अनुदान मिळवून देतो म्हणाला तर ते जमेत धरू नका. तालुका कृषी कार्यालयात स्वतः जा, आणि हाती लेखी पूर्वसंमती येईपर्यंत बयाणा देऊ नका.