विकावयाच्या घरावर सौर संच बसवावा काय?

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, निमगाव सावा व आसपासच्या गावांत, गावठाणात वडिलोपार्जित घर आणि शेतात वस्तीवर दुसरे घर अशी स्थिती असलेली कुटुंबे आढळतात. मुले नोकरीनिमित्त चाकण-भोसरीकडे गेली म्हणजे गावठाणातील घर विकण्याचा विचार घरात सुरू होतो. नेमक्या अशाच वेळी छतावर सौर संच बसविण्याचा प्रश्न पुढे आला, तर निर्णय अवघड होतो. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली असून ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत राबविण्याचे ठरले आहे. मुदत जवळ आली की संच विकणाराचा आग्रह वाढतो. परंतु मुदतीचा विचार नंतर करावा. प्रथम हिशेब मांडावा.

या योजनेत १ किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान मिळते. आपल्याकडील उन्हात १ किलोवॅटचा संच दिवसास सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्यास सुमारे १२० युनिट वीज देतो. त्यासाठी साधारण १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते.

समजा, एका घरात महिन्यास १८० युनिट वीज लागते व २ किलोवॅटच्या संचास १,२०,००० रुपये सांगितले आहेत. अनुदान वजा जाता ६०,००० रुपये घरचे पडले. बिलात दरमहा १,५०० रुपयांची बचत झाल्यास ही रक्कम ४० महिन्यांत, म्हणजे ३ वर्षे ४ महिन्यांत निघते. तेच घर निम्मे रिकामे असून खप ८० युनिटांवर आला असेल, तर बचत कशीबशी ५०० रुपये होते आणि तोच संच फिटावयास १० वर्षे लागतात. याचे कारण असे की, घरगुती वापराच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असून त्यापुढील टप्प्याचा दर बराच चढा आहे. बचत खरी होते ती या चढ्या दराच्या युनिटांवर. जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाऊन पुढील महिन्यांत वळती होते हे खरे, परंतु वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा मोबदला ग्राहक भरतो त्या दराच्या मानाने फारच थोडा असतो. स्थिर आकार तर भरावाच लागतो.

आता पहिले घर दोन वर्षांत विकले असे धरावे. तोवर ३६,००० रुपये वसूल झाले. उरलेले २४,००० रुपये गिऱ्हाइकाने द्यावयास हवेत. तो ते देईल काय? अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१५ साली आठ राज्यांतील सुमारे २२,००० घरांच्या विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकीचा सौर संच असलेल्या घरास खरेदीदारांनी वॅटमागे सुमारे ४ डॉलर अधिक दिल्याचे त्यात दिसून आले. हा आकडा आपल्या गावठाणास जसाच्या तसा लावणे मात्र चुकीचे होय. तेथे घेणारा त्याच घरात राहावयास येतो. आपल्याकडे जुन्या घराचा भाव बहुधा जागेवर, रस्त्याच्या बाजूवर व कागदपत्रांवर ठरतो. घेणारा कित्येकदा घर पाडून नवे बांधतो. अशा गिऱ्हाइकास छतावरील संच ही अडचणच वाटते. स्लॅबचे पक्के घर राहण्यासाठी घेणारा कुटुंबवत्सल माणूस असेल तरच संचाची किंमत मागता येते, आणि त्याला मागील बारा महिन्यांची बिले दाखविणे हाच सर्वांत खात्रीचा पुरावा.

संच काढून वस्तीवर नेऊ, असे पुष्कळजण म्हणतात. संच ग्राहक क्रमांकाशी व नेट मीटरशी जोडलेला असतो, त्यामुळे महावितरणला विचारल्याशिवाय तो हलवू नये. शिवाय काढणे, वाहून नेणे व नवा सांगाडा उभारणे यांचा खर्च वेगळाच. त्यापेक्षा कायम राहावयाचे वस्तीवर असेल, तर अर्जही वस्तीच्याच घरासाठी करावा. मात्र तेथे घरगुती वीजजोडणी हवी. शेतीपंपाच्या जोडणीवर दिवे लावणाऱ्या घरास हे अनुदान मिळत नाही. गावठाणातील घरात तोवर कमी विजेचे पंखे व दिवे वापरावेत. ते जाताना बरोबर नेता येतात.

आणखी एक गैरसमज आढळतो. बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतो; तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जीविताच्या रक्षणासाठी ही योजना असते. भारनियमनात दिवे जळतील असे सांगून घर विकल्यास पुढे तंटा उद्भवतो.

संच बसवूनच घर विकावयाचे झाल्यास कर्ज फेडून बँकेचा बेबाकी दाखला घ्यावा. खरेदीखतात संचाची क्षमता, पॅनेल व इन्व्हर्टर यांचे क्रमांक स्पष्ट लिहावेत. योजनेतील संचाची पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते. तिची कागदपत्रे, हमीपत्रे व नेट मीटरचा करार गिऱ्हाइकाच्या हाती देऊन पोच घ्यावी, आणि वीजमीटरवरील नाव बदलण्याचा अर्ज खरेदी होताच करावयास लावावा.