मुलांचा तिरळेपणा आणि आळशी डोळा : हॅनोव्हरच्या मराठी आईबाबांसाठी

नोकरी किंवा शिक्षणासाठी हॅनोव्हरला आलेल्या कुटुंबांत घर, विमा, किटा (बालवाडी) या धावपळीत मुलांचे डोळे तपासायचे राहून जातात. एक डोळा कमजोर किंवा तिरळा असला, की मेंदू त्याच्याकडून येणारे चित्र हळूहळू नाकारतो. हाच आळशी डोळा. साधारण सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो, पुढे तो कमी होत जातो. म्हणून वाट पाहण्यात शहाणपण नाही.

काय करावे

१. ऊ-७आ (सुमारे ३ वर्षे), ऊ-८ (४ वर्षे) आणि ऊ-९ (५ वर्षे) या बालरोगतज्ज्ञांकडच्या नेमाच्या तपासण्या वेळेवर करून घ्याव्यात. त्यांत नजरही पाहतात. भारतातून आलेल्या मुलाकडे या तपासण्यांच्या नोंदींची पिवळी वही नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून मागून घ्यावी.

२. डोळे सरळ दिसत असले तरी प्रत्येक डोळा वेगळा तपासून घ्यावा. फक्त एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल, तर बाहेरून काहीच कळत नाही. एक डोळा झाकल्यावर मूल शांत राहते, पण दुसरा झाकताच हात ढकलून देते, ही खूण लक्षात ठेवावी.

३. शंका आली की नेत्रतज्ज्ञांकडे किंवा नेत्ररुग्णालयातल्या ‘झेशूले’ विभागात वेळ घ्यावी. तिथे ऑर्थोप्टिस्ट मुलांची नजर आणि तिरळेपणा मोजतात. मुलाला जर्मन येत नसले तरी अडत नाही. लहान मुलांसाठीच्या लेआ तक्त्यावर सफरचंद, घर, वर्तुळ आणि चौकोन एवढीच चित्रे असतात. मुलाने मराठीत सांगावे किंवा हातातल्या कार्डावर बोट ठेवावे.

४. थेंब घालून नंबर काढू द्यावा. थेंबांशिवाय मुलांचा प्लस नंबर लपून राहतो. नंतर काही तास उजेड टोचतो आणि जवळचे धूसर दिसते, तेव्हा टोपी सोबत न्यावी.

५. आळशी डोळ्यासाठी डॉक्टरांनी पट्टी सांगितली, तर ती चांगल्या डोळ्यावर, थेट कातडीवर चिकटवावी आणि वर चष्मा घालावा. चष्म्याच्या काचेवर लावली, तर मूल कडेने बघते. त्या वेळात रंगकाम, मणी ओवणे असे बारीक काम द्यावे.

६. पट्टीचे तास किटातल्या शिक्षिकेला सांगून ठेवावेत. सुट्टीत भारतात जाताना पुरेशा पट्ट्या आणि तपासणीचे कागद न्यावेत.

७. चष्मा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. १८ वर्षांखालच्या मुलांच्या काचांसाठी सरकारी विमा ठरावीक रक्कम देतो. फ्रेमचा खर्च आपला.

काय टाळावे

१. ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून थांबू नये. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा डोळा अधूनमधून फिरतो, पण त्यानंतर फिरला तर दाखवावेच. नाकाचा वरचा भाग रुंद असल्याने डोळा नुसता तिरळा भासू शकतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

२. तिरळा डोळा भाग्याचा मानून गप्प बसू नये.

३. ‘चष्मा काढला की डोळा जास्तच वळतो’ म्हणून चष्मा सोडू नये. चष्म्याने डोळा बिघडत नाही. प्लस नंबरामुळे आत वळणाऱ्या डोळ्याला तोच सरळ धरून ठेवतो.

४. पट्टीचे तास मनाने वाढवू नयेत. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यासाठी रोजच्या २ आणि ६ तासांच्या पट्टीचा परिणाम सारखाच दिसला. अति पट्टीने चांगल्या डोळ्याची नजरही उतरू शकते, म्हणून फेरतपासणी चुकवू नये.

५. मान वाकडी करून किंवा उन्हात एक डोळा मिटून बघणाऱ्या मुलावर ओरडू नये. ती तिरळेपणाची खूण असू शकते.

६. काजळ, गाजराचा रस किंवा यूट्यूबवरचे व्यायाम यांवर विसंबू नये.

७. ऑपरेशनला घाबरू नये. डोळा बाहेर काढत नाहीत, त्याच्या बाहेरच्या स्नायूंचा ताण बदलतात. मात्र ऑपरेशन झाले म्हणून चष्मा-पट्टी आपण होऊन बंद करू नये.

८. ‘चकण्या’ म्हणून कुणालाही चिडवू देऊ नये, घरच्यांनाही नाही.

एक दिवसही थांबू नये

फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर डोळ्याच्या कर्करोगाची शक्यता तातडीने तपासावी लागते. या आजारासाठी जर्मनीतले प्रमुख केंद्र एसेनच्या विद्यापीठ रुग्णालयात आहे. अचानक तिरळेपणा आला, दोन-दोन दिसू लागले, पापणी खाली पडली किंवा सोबत डोकेदुखी वा उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दवाखाने बंद असतील तर ११६११७ वर फोन करावा. मूल गुंगीत जात असेल तर थेट ११२.